कपाळचष्मा आणि तीन रांगा

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज पुन्हा हात गोठले.

दुपारी दोन नंबरच्या बूथमध्ये बसले होते. समोर पडद्यावर एक आई, पलीकडे फोनवर तिच्या मुलाचे डॉक्टर. ती हातांनी बोलते, मी ते आवाजात डॉक्टरांना सांगते. डॉक्टरांचं बोलणं मी हातांनी तिला सांगते. गेले सात महिने आमचं केंद्र एवढंच काम करतंय. तर ती काहीतरी महत्त्वाचं विचारत होती आणि तिचा उजवा हात छातीपाशी येऊन थांबला. तिथून वर गेला असता तर एक अर्थ, खाली आला असता तर दुसरा. चित्र हललंच नाही. डॉक्टर फोनवर "हॅलो, हॅलो" करतायत आणि मी त्या थांबलेल्या हाताकडे बघत बसलेय. चित्र पुन्हा सुरू झालं तेव्हा तिचे दोन्ही हात मांडीवर होते. बोलून झालं होतं तिचं.

कोण काय बोललं ते कुठेही लिहायचं नाही हा आमचा पहिला नियम, म्हणून इथेही लिहीत नाही. पण त्या बाईचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाहीये.

वेणी म्हणाली, आता चांगल्यातला माणूस बोलवू. वेणी माझी भागीदार. लांब वेणीवरून कर्णबधिर मंडळींनी तिला ते नाव दिलंय आणि आता ऐकणारेसुद्धा तिला तसंच म्हणतात. माझं त्यांच्यातलं नाव 'खळी'. आमच्या आधीच्या तंत्रज्ञाला फक्त एकच उपचार ठाऊक होता, सगळं बंद करून पुन्हा चालू करणे. येत्या महिनाभरात मोठं रुग्णालय ठरवणार आहे, त्यांचे सगळे वॉर्ड आमच्याशी जोडायचे की नाही. असे हात गोठत राहिले तर ते कशाला जोडतील? आणि का जोडावेत?

६ फेब्रुवारी, गुरुवार

नेटवर्कवाल्या इंजिनिअर बाई येऊन गेल्या. वय पन्नाशीच्या पुढे, केस बारीक कापलेले, चष्मा डोळ्यांवर कमी आणि कपाळावर जास्त. टेलिफोन कंपनीत वीस-बावीस वर्षं काढून आता स्वतःची कामं घेतात. 'नमस्कार' नाही, 'कसं काय' नाही. आल्या आणि थेट कपाटापाशी गेल्या.

"स्विच कुठाय?"

मी दिव्याच्या बटणाकडे बोट दाखवलं.

त्या इतक्या जोरात हसल्या की बूथमधून वेणीने डोकं बाहेर काढलं. मग त्यांनी कपाटातल्या पत्र्याच्या चपट्या डब्यावर तळवा ठेवला. लहान मुलाला ताप आहे का बघावं तसा. "याला स्विच म्हणतात. तुमच्या सगळ्या बूथांतल्या वायरी इथे येतात आणि इथून एकाच वाटेने बाहेर पडतात. बाहेरचं सगळंही त्याच वाटेने आत येतं. तुमचं चित्र असं सलग जात नाही. त्याची बारीक बारीक पाकिटं होतात आणि ती पाकिटं इथे रांगेत उभी राहतात."

मग लॅपटॉप उघडून तासभर बसल्या. मी मागून तीनदा विचारलं, चहा घेणार का. उत्तर नाही. चौथ्यांदा मी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा म्हणतात, "काही सांगायचं असेल तर समोर येऊन सांगत जा. पाठीमागून बोललेलं मला चालत नाही." बाप रे! केवढा हा तोरा!

पण तासाभरात त्यांनी जे शोधलं ते आधीच्याला सहा महिन्यांत सापडलं नव्हतं. गुन्हेगार आम्हीच. बाबा शिकणाऱ्यांसाठी खुणांच्या भाषेचे धडे रेकॉर्ड करतात आणि ते धडे दुपारी इंटरनेटवर चढवले जातात. त्या फायलींची लाखो पाकिटं आणि कॉलची पाकिटं एकाच रांगेत. कॉलचं पाकीट बिचारं मागे उभं. त्याचा नंबर येईपर्यंत त्याचा क्षण निघून गेलेला. "उशिरा पोचलेली फाईल ही फाईलच असते," बाई म्हणाल्या, "उशिरा पोचलेला हात म्हणजे कचरा."

हे वाक्य मला फार आवडलं.

बाबा तेव्हा तिथेच होते. छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून ते रोज दुपारी केंद्रात येतात. बाबा जन्मापासून ऐकू न येणारे, म्हणून त्यांची नजर दुर्बिणीसारखी. ते बराच वेळ बाईंकडे बघत राहिले आणि जाताना मला म्हणाले, "हिचं नाव ठरलं." दोन बोटं कपाळावर नेऊन गोल केली. कपाळचष्मा. एरवी कुणाला नाव द्यायला बाबा महिने लावतात.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

वाद झाला. बाईंचं म्हणणं, एका रांगेच्या तीन रांगा करू. एक कॉलची, एक मजकुराची, म्हणजे जे लोक लिहून निरोप पाठवतात त्यांची, आणि तिसरी फायलींची. इथपर्यंत आमचं एकमत. पुढे मी म्हटलं, कॉलची रांग रिकामी असेल तेव्हाच बाकीच्यांना सोडा. आमचा जीव कॉलमध्ये आहे.

"तसं करता येतं," त्या म्हणाल्या. "एका बटणाचं काम आहे. पण कॉलची रांग रिकामी झालीच नाही तर? बाकीचे उपाशी मरतील."

"मजकुराला काय घाई असते? दोन मिनिटं थांबेल."

"दोन मिनिटं कुणी सांगितली तुला?"

वेणी माझ्या बाजूने. शेवटी बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला, मला नीट निरखलं आणि म्हणाल्या, "केंद्र तुमचं. पण मला हे पटलेलं नाही, एवढं ध्यानात ठेव." आणि करून दिलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

काय सांगू! दिवसभर एकदाही चित्र अडलं नाही. बोटांची टोकंसुद्धा स्वच्छ. संध्याकाळी वेणी आणि मी वेड्यासारख्या नाचलो.

आनंदाची बातमी द्यावी म्हणून बाईंना फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला, पुन्हा नाही. दोन मिनिटांत लेखी निरोप: "काय ते लिहून पाठव." इतका का माणसाने भाव खावा? पण काम सोन्यासारखं, म्हणून माफ.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पुढचं ज्यांच्याबाबत घडलं त्यांनीच ते चार लोकांत सांगितलं म्हणून लिहितेय.

आमच्याकडे नेहमी निरोप पाठवणारे एक सुतारकाका आहेत. जन्मतः ऐकू येत नाही, आणि साठीनंतर दिसणंही गेलं. त्यांना व्हिडिओचा काय उपयोग! त्यांच्याकडे ठिपक्यांची एक पट्टी आहे. आम्ही लिहिलेलं त्या पट्टीवर ठिपक्यांत उमटतं आणि ते बोटांनी वाचतात. काल दुपारी त्यांना घरात गॅसचा वास आला. त्यांनी आम्हाला लिहिलं: "गॅसचा वास येतो आहे. शेजारी कळवा." तेव्हा आमचे चारही बूथ भरलेले होते आणि शिवाय वेणीचा शिकवणीचा वर्ग थेट चालू होता. तोही व्हिडिओच. कॉलची रांग क्षणभरही रिकामी झाली नाही.

निरोप आमच्यापर्यंत पोचला तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता. तोवर काकांनी चाचपडत खिडक्या उघडल्या होत्या, जिना उतरून खाली जाऊन बसले होते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाची बाही धरून त्याच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढत होते. तिसऱ्या माणसाला कळलं.

आज ते काठी टेकत केंद्रात आले. मी त्यांच्या हातात हात देऊन खुणा केल्या, काका, चूक माझी आहे. त्यांनी माझे हात थोपटले आणि म्हणाले, "मला वाटलं तुम्ही सगळे जेवायला गेलात."

जेवण गेलं नाही. मजकुराला काय घाई असते, असं मीच म्हटलं होतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बाई सकाळी आल्या. "मी सांगितलं होतं" हे तीन शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. मी वाट बघत होते. माणसाची परीक्षा अशा वेळी होते.

"आता भारांकाच्या रांगा लावू," त्या म्हणाल्या. "बसा समोर."

बाबाही बसले. बाई बोलणार, मी बाबांसाठी हातांनी सांगणार. गंमत म्हणजे मला स्वतःला ते हातांनी सांगतानाच कळलं. स्विच फेऱ्या मारतो. प्रत्येक फेरीत कॉलच्या रांगेतून आठ पाकिटं सोडायची, मजकुराच्या रांगेतून दोन, फायलींच्या रांगेतून एक. मग पुढची फेरी. कॉलचा मान मोठा म्हणून आठ. पण कितीही गर्दी असो, मजकुराची दोन आणि फायलीचं एक जाणार म्हणजे जाणारच. कुणाचा वाटा शून्य नाही.

"आणि मजकुराच्या रांगेत कुणी नसेलच तर?" वेणीने विचारलं. "त्याचे दोन वाया?"

"का वाया? तिथे न थांबता पुढे जायचं. ज्याला गरज आहे तो वापरेल. मजकूर आला की त्याचे दोन त्याला परत."

बाबांनी दोन्ही हात वर केले. आठ बोटं उघडून मिटली, मग दोन, मग एक. पुन्हा आठ, दोन, एक. इतक्या लयीत की मी बघतच राहिले. माझी अर्ध्या तासाची बडबड त्यांनी चार सेकंदांत सांगून टाकली. बाईंनी मांडीवरचा लॅपटॉप बाजूला ठेवला आणि बाबांसमोर बसून त्यांच्या हातांची नक्कल करायला लागल्या. आठ, दोन, एक. चुकल्या. बाबांनी त्यांचा अंगठा धरून सरळ केला. पुन्हा केलं. शिकायची केवढी हौस या वयात!

१७ फेब्रुवारी, सोमवार

निरोप आता पटकन येतात. सुतारकाकांनी सकाळी मुद्दाम तपासायला पाठवला: "जेवलात का?"

पण दुपारी फायली चढायला लागल्या की चित्रात किंचित खरखर येते. हात थांबत नाहीत, पण बोटं धुरकटतात. मी म्हटलं, चालेल एवढं. बाई म्हणाल्या, "तुला चालेल. जो बोटांनी बोलतो त्याला विचार." विचारलं. बाबा म्हणाले, नाही चालणार.

बाई आज दिवसभर हलल्या नाहीत.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सापडलं! आणि किती साधं!

सगळी पाकिटं सारख्या मापाची नसतात. निरोपाचं पाकीट चिमुकलं, फायलीचं गलेलठ्ठ. आम्ही पाकिटं मोजत होतो, वजन नाही. फाईलवाला आपलं 'एकच' पाकीट सोडत होता, पण ते कॉलच्या पाच-सहा पाकिटांएवढं. कागदोपत्री नियम पाळून भाऊसाहेब भलताच मोठा घास घेत होते.

आता मोजणी वजनाची. प्रत्येक रांगेला प्रत्येक फेरीत ठरलेला वाटा मिळतो. पाकीट त्या वाट्यात बसलं तर जायचं. मोठं असेल तर थांबायचं, पण तो वाटा बुडत नाही, पुढच्या फेरीत जमा होतो. दोन-चार फेऱ्यांत पुरेसा साठला की गलेलठ्ठ पाकीटही सुटतं. कुणावर अन्याय नाही आणि कुणाची दादागिरीही नाही. हे पहिल्यांदा ज्याने कुणी सुचवलं असेल त्याच्या पाया पडावंसं वाटतं. मी तसं म्हटलंही. बाई म्हणाल्या, "सुचवणाऱ्याच्या पड. लावणारीला चहा दे."

चहा दिला. समोर जाऊन विचारून दिला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मी हावरटपणा केला. म्हटलं, आता इतकं छान चाललंय तर पाचवा बूथ टाकू. तुम्ही आकडे बदला, आठाचे दहा करा.

बाई म्हणाल्या, "रांग लावल्याने रस्ता रुंद होत नाही." मग दाखवलं. पाचवा कॉल सुरू करताच पाचही चित्रं धुरकट. त्यांचा सल्ला असा की वाट रुंद करून घेईपर्यंत पाचव्या माणसाला आत घ्यायचंच नाही. "थोडं थांबा, तुमचा नंबर पुढचा" असा निरोप लगेच जाईल. वेणीचा जीव तुटत होता. मदत मागणाऱ्याला थांबा कसं म्हणायचं? मी मात्र या वेळी बाईंच्या बाजूने उभी राहिले. पाच जणांना अर्धवट ऐकण्यापेक्षा चौघांना नीट ऐकू. आणि वेणीचा वर्गही कॉलच्या रांगेतून काढून फायलींच्या रांगेत टाकला. त्यावर ती दोन तास माझ्याशी बोलली नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

बाई घरी आल्या होत्या! मला आधी न कळवता, बाबांकडे. बाबा म्हणाले, मीच बोलावलं. दोघं जेवणाच्या टेबलाशी दुपारभर बसून होते. मी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "खुणांचा वेग मोजायचाय. हात सेकंदात किती हलतो ते कळलं तर आकडे नेमके लावता येतील." सुट्टीच्या दिवशीसुद्धा! कामावरची निष्ठा म्हणतात ती ही. पण लॅपटॉप काही दिसला नाही. बहुतेक सगळं डोक्यातच ठेवत असाव्यात.

आज त्यांना 'पाणी', 'घर', 'मुलगी', 'पुन्हा सांग' एवढं येतं. 'पुन्हा सांग' तर अगदी झकास येतं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज माझा पारा चढला. वेणीने बाईंना जिन्यात सांगितलं होतं की चार वाजता इमारतीची वीज बंद करणार आहेत, त्याआधी काम आटोपा. बाईंनी मान हलवली, "हो हो" म्हणाल्या. चार वाजता वीज गेली आणि त्यांचं अर्धवट काम वाहून गेलं. वर आमच्यावरच भडकल्या, कुणी सांगितलं नाही म्हणून. वेणी रडकुंडीला आली.

घरी येऊन मी बाबांपुढे सगळं ओकले. म्हटलं, हुशार आहे ठीक आहे, पण समोरच्याचं ऐकून घ्यायची पद्धतच नाही या बाईला.

बाबांनी हातातला रुमाल खाली ठेवला. "जिन्यात दिवा आहे?"

"नाही. का?"

"अंधारात ओठ दिसत नाहीत."

"कुणाचे ओठ?" मी विचारलं.

"खळी," बाबा म्हणाले, "तू माझ्या हातांवर वाढलीस. आणि तुला दिसलं नाही? पहिल्या दिवशी ती त्या डब्यावर हात ठेवून पंखा फिरतोय का ते बघत होती. ऐकणारा माणूस कान देतो."

फोन न उचलणं. पाठीमागून बोललेलं न चालणं. चहा. रविवार. मी सगळ्याला 'तोरा' म्हणत बसले.

"मी बोलू का त्यांच्याशी?"

"नाही," बाबा म्हणाले. "तिचं ती सांगेल. आपण फक्त उजेडात उभं राहायचं."

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी जिन्यात दिवा बसवून घेतला. बाई आल्या, दिव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग वर जाऊन कामाला लागल्या.

वेणीला मी एवढंच सांगितलं की बाईंशी समोर उभं राहून, सावकाश बोल. तिने का म्हणून विचारलं नाही. दुभाषी आहे ती. तिला पुरलं तेवढं.

३ मार्च, सोमवार

विसरायच्या आत सगळं लिहून ठेवते.

सकाळी आठच्या सुमारास पालिकेने जाहीर केलं की नळाचं पाणी पिऊ नका, शुद्धीकरण केंद्रात काहीतरी बिघडलंय, उकळूनही पिऊ नका. हे जाहीर झालं ते भोंग्यावरून आणि रेडिओवरून. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना दिसलं काय? दुकानात धावणारे शेजारी. बास.

नऊच्या आत चारही बूथ भरले. निरोपांचा तर नुसता लोंढा. पाणी का नाही? बाळाच्या दुधाचं काय? मी काल रात्री प्यायलो, काय होईल? सुतारकाकांचा निरोप: "सगळे पळत आहेत असं पायांखाली कळतं. काय झालं?" त्याला उत्तर गेलं आणि त्यांचं "समजलं" लगेच परत आलं.

पण एकेकाला सांगून कितींना पुरे पडणार? खुणांच्या भाषेत एकच सूचना रेकॉर्ड करून सगळ्यांना पाठवणं हाच मार्ग होता. बाबा पांढऱ्या भिंतीपुढे उभे राहिले. पालिकेची सूचना मी त्यांना सांगितली, त्यांनी ती पहिल्याच झटक्यात, एकही हात वाया न घालवता सांगितली. मोठी फाईल. आणि फायलींची रांग सगळ्यात शेवटची, वाटा सगळ्यात लहान.

मी बाईंकडे धावले. समोर जाऊन, उजेडात म्हटलं, "कॉल थांबवू का? ही फाईल आधी जायला हवी."

"काही थांबवू नकोस. बघत राहा."

पडद्यावर तीन पट्ट्या होत्या. वरची भरलेली, मधली भरलेली, आणि खालची बारीकशी, मुंगीच्या पावलाने पुढे सरकणारी. पण सरकत होती. एकदाही थांबली नाही. वर चार बूथमध्ये चार माणसांचे हात स्वच्छ दिसत होते, मधून निरोप सुटत होते आणि खालून बाबा हळूहळू बाहेर पडत होते. महिनाभरापूर्वी मीच म्हणाले असते, आज फायली बंद करा. त्या रांगेचा वाटा शून्य करून टाकला असता.

बाई पट्ट्या बघत नव्हत्या. डब्यावर तळवा ठेवून उभ्या होत्या, डोळे मिटून. मला वाटलं थकल्या. मग कळलं, ऐकतायत.

सूचना पूर्ण गेली. दुपारपर्यंत ती कुठून कुठे फिरली देव जाणे. बूथमधली गर्दी ओसरायला लागली, कारण लोक म्हणायला लागले, आजोबांचा व्हिडिओ बघितला, कळलं सगळं. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "आजोबा कुणाला म्हणतात?"

संध्याकाळी सगळे जमिनीवर पाय पसरून बसलो होतो. वेणीने बाटलीचं पाणी पेल्यांत ओतलं. बाईंनी पेला हातात घेतला आणि कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "मला डाव्या कानाने मुळीच ऐकू येत नाही. उजव्याने आता तुमचा आवाज आहे एवढं कळतं, शब्द नाही. दोन वर्षं झाली. लोकांना कळलं तर कामं देणार नाहीत, म्हणून लपवलं."

वेणीने पेला खाली ठेवला. मी काही बोलायच्या आत बाबा पुढे सरकले आणि बाईंना विचारलं. अगदी सोप्या खुणांत, सावकाश: "तुझ्या मुलीला माहीत आहे?"

बाईंनी मान हलवली. नाही.

७ मार्च, शुक्रवार

रुग्णालयाचा होकार आला. सोमवारचं सगळं त्यांच्या लोकांनी पाहिलं होतं. अट एकच, वाट रुंद करायची आणि बूथ वाढवायचे. बाईंना लिहून कळवलं. उत्तर आलं: "आता तुझा पाचवा बूथ टाक."

आणि खाली आणखी एक ओळ. "रविवारी केंद्र बंद असतं ना? एक फोन लावायचाय."

९ मार्च, रविवार

बाई वेळेआधी आल्या. इस्त्रीचे कपडे घालून, जणू कुठे समारंभाला निघाल्यात. त्यांची मुलगी दूरच्या शहरात असते. दोन वर्षं त्या तिला फक्त लिहून कळवतायत. फोन आला की "कामात आहे" आणि भेटायला येते म्हटलं की "आता नको". मुलीचा समज झालाय, आईला मी नकोशी झालेय. हे बाईंनीच सांगितलं, फोनच्या आधी, म्हणून लिहायला हरकत नाही.

खुणा अजून पुरेशा येत नाहीत त्यांना. म्हणून ठरलं असं की बोलायचं त्यांनी स्वतःच्या तोंडाने, आणि मुलगी बोलेल ते मी दुसऱ्या बूथमधून शब्दन् शब्द टाइप करायचं. ते त्यांच्या पडद्यावर उमटेल. मी आमचा नियम समजावून सांगितला, मी मधे काही घालणार नाही, काही गाळणार नाही, ती रडली तर 'रडते आहे' असं लिहीन, आणि यातलं काहीही या खोलीबाहेर जाणार नाही.

"मला नियम सांगतेस होय?" त्या म्हणाल्या. पण आवाज नेहमीचा नव्हता.

नंबर फिरवला. पलीकडे घंटा वाजली. मी टाइप केलं: 'घंटा वाजते आहे.' काचेतून मला त्यांची पाठ दिसत होती, ताठ. मग फोन उचलला गेला.

काय बोलणं झालं ते लिहिणार नाही.

माझी बोटं दुखायला लागली एवढं मात्र लिहिते. पाणी प्यायला उठायची सोय नव्हती. एकदा डोळे पुसायला थांबले तेवढ्यात दोन वाक्यं साठली, ती पळत पळत गाठली. बाबा बाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसले होते आणि पान उलटत नव्हते.

संपलं तेव्हा बाहेर सावल्या लांब झाल्या होत्या. मी त्यांच्या बूथमध्ये गेले. त्या अजून पडद्याकडेच बघत होत्या, माझ्या टाइप केलेल्या ओळींच्या लांबच लांब रांगेकडे. चष्मा डोळ्यांवर होता. मी समोर जाऊन उभी राहिले.

"ती इतकं बोलते," त्या म्हणाल्या, "हे मी विसरूनच गेले होते गं."

मग पडदा वर सरकवत सरकवत अगदी पहिल्या ओळीपाशी गेल्या आणि पुन्हा वाचायला लागल्या.